खाऱ्या चिखलातला जेसीबी आणि बोटभर जाडीचा पाइप

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात खारबांधाला खांड पडली होती. अष्टमीचा भांग साधून, म्हणजे पाण्याला जोर कमी असतो ते चार दिवस बघून, गावाने तासावर जेसीबी लावला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बकेटभर माती घेऊन बांधाच्या तोंडाशी आले आणि थांबले. ऑपरेटरने पुढचा गिअर टाकला, मागचा टाकला. इंजिन ओरडत होते, चाके मात्र जागची हलेनात. खाली वाकून पाहिले तर चिखलावर तेलाचा तवंग पसरलेला.

"सकाळपास्नं थोडं गळत होतं, पण रोजच गळतं," असे ऑपरेटर म्हणाला. त्याचेही खरेच होते. रोज गळत होते, आणि रोज वरून लिटर-अर्धा लिटर तेल ओतले जात होते. गळणारा पाइप गिअरबॉक्सचे तेल थंड करायला नेणारा. जाडीला बोटाएवढा. क्लिपच्या खाली तो इतका कुजला होता की फडक्याने पुसताना पापुद्रा हातात आला. नवा पाइप तालुक्याला मिळाला नाही. मशीन ओढून काढण्यात एक दिवस मोडला. मग कळले की कोरड्या गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटाही जळल्या आहेत. सगळे उरकेपर्यंत अमावास्येचे उधाण आले आणि अर्धी बुजवलेली खांड पहिल्यापेक्षा रुंद झाली. खारे पाणी भातखाचरांत शिरले. ज्यांची जमीन खाजणात आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत त्या जमिनीत भात धड येत नाही.

एका पाइपापायी एवढे. म्हणून आज त्या पाइपाविषयीच बोलू. तुमचा स्वतःचा जुना जेसीबी असेल तर हे वाचाच. पण सरपंच किंवा ग्रामसेवक म्हणून तुम्ही तासावर मशीन लावत असाल तरीही वाचा.

तेल कुठून कुठे जाते

कागदावर या यंत्राचे नाव बॅकहो लोडर. पुढे लोडर, मागे खोदणारा हात. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबरच्या भागीदारीत ब्रिटनच्या जेसीबी कंपनीने हरयाणात बल्लभगडला यंत्रे बनवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे मशीन असो, त्याला जेसीबीच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

ट्रॅक्टरला पायाने दाबायचा क्लच असतो. या मशीनला इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर असतात आणि मध्ये तेल. इंजिनाने एक पंखा फिरवला की तेलाच्या रेट्याने दुसरा फिरतो. म्हणून तर ऑपरेटर एका बोटाने पुढे-मागे, पुढे-मागे करू शकतो. परंतु या सोयीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. मशीन ढिगाऱ्यात घुसून अडते तेव्हा एक पंखा गरगरत असतो, दुसरा जवळजवळ थांबलेला असतो, आणि मधले तेल तापत जाते. कामाच्या भरात ते ८०-९० अंशांपर्यंत सहज जाते.

हे तापलेले तेल पाइपातून पुढे रेडिएटरकडच्या कूलरला जाते, तिथे निवते आणि दुसऱ्या पाइपातून गिअरबॉक्सला परत येते. परत येताना तेच तेल बेअरिंगांना आणि क्लच प्लेटांना वंगण देते. दोन पाइप, एक जायचा, एक यायचा. काही मशीनना कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीत असतो, काहींना पुढे वेगळी जाळी असते.

आता फसगत कुठे होते पाहा. मागच्या हाताच्या हायड्रॉलिक लाइनमधला दाब २०० बारच्या पुढे जाऊ शकतो. ती लाइन फुटली की तेलाचा फवारा उडतो, सगळे पळतात, काम थांबते. कूलरच्या लाइनमधला दाब त्यामानाने अगदी थोडा. ती फवारा उडवत नाही, नुसती घामेजते, मग थेंब-थेंब गळते. त्यामुळे तिची कोणी पर्वा करत नाही. मात्र दाब थोडा असला तरी वाहणारे तेल पुष्कळ असते. तिला खरे भोक पडले की गिअरबॉक्सचे तेल बघता बघता जमिनीवर येते. इंजिन चालू असेपर्यंत पंप फिरतच राहतो; तेल संपले की तो हवा ओढतो, क्लचला दाब मिळत नाही, प्लेटा घसरतात आणि जळतात.

मीठ काय करते

वरकस रानात काम करणाऱ्या मशीनचा पाइपही गंजतो, पण सावकाश, सगळीकडे सारखा. खाऱ्या चिखलाचा गंज वेगळा. मिठामुळे लोखंडावरचा रंग आणि वरचा पक्का थर जागोजागी फुटतो, आणि तिथून गंज आडवा पसरायच्या ऐवजी सरळ आत भोक पाडत जातो. पाइपाची भिंत ती किती, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. वरून दोन-चार तपकिरी टिपके दिसतात आणि आत सुईएवढी वाट तयार झालेली असते. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवते. मशीन पंधरा दिवस शेडमध्ये उभे असले तरी चिखलाच्या थराखाली गंजणे चालूच राहते.

सर्वांत वाईट जागा क्लिपची. पाइप हलू नये म्हणून तो चॅसिसला क्लिपने बांधतात आणि घासू नये म्हणून क्लिपमध्ये रबर घालतात. ते रबर खारे पाणी धरून बसते. बाहेरून पाइप रंगवलेला, चकचकीत. क्लिप काढली की आत पापुद्रे. दुसरी जागा पाइपाची खालची बाजू, जिथे आपली नजर जात नाही. बॅटरीच्या पेटीखालून पाइप जात असेल तर ॲसिडच्या थेंबांची भर पडते ती वेगळीच.

खाऱ्या कामावरून मशीन आले की त्याच संध्याकाळी, चिखल वाळायच्या आत, गोड्या पाण्याने पोटाखालून धुवावे. खाडीतल्याच पाण्याच्या बादल्या मारणारे ऑपरेटर आम्ही पाहिले आहेत. चिखल जातो, मीठ राहते. काही जुने लोक इंजिनाचे जळके तेल पाइपांना फासतात. ते तेल धूळ धरते, क्लिपचे रबर फुगवते आणि शेवटी ठिबकून जमिनीत जाते. त्यापेक्षा पाइप घासून, कोरडा करून गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत आणि क्लिपमध्ये ग्रीस भरावे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक क्लिप काढून बघावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

गळती शोधताना

मशीन सपाट जागी घ्या. दोन्ही बकेटी जमिनीला टेकवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, किल्ली खिशात घाला. लोडरचा हात वर ठेवून खाली शिरायचे असेल तर त्याचा लोखंडी अडसर लावल्याशिवाय शिरू नका. हायड्रॉलिकच्या भरवशावर अधांतरी राहिलेल्या हाताखाली डोके घालणे म्हणजे जिवाशी खेळ. तेल निवू द्या. नव्वद अंशांचे तेल अंगावर आले तर कातडी सोलून निघते.

पाइप पुसून कोरडा करा आणि त्यावर खडूची भुकटी किंवा चुना भुरभुरवा. खाली पुठ्ठा ठेवा. मग दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगून, गिअर न टाकता, बाजूला उभे राहून पाहा. पांढऱ्यावर ओला डाग कुठे उठतो ते लगेच कळते. तेलाच्या नुसत्या रंगावरून ते कुठले हे ठरवू नका. मागच्या मालकाने काय ओतले असेल ते देव जाणे.

आणि एक गोष्ट कृपया पाठ करून ठेवा. गळती बोटाने चाचपायची नाही. कूलरच्या पाइपाशेजारूनच हायड्रॉलिकचे पाइप जातात. त्यातल्या सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडीतून आत घुसते. वरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसे, आणि काही तासांत हात काळानिळा पडू शकतो. असे झाले तर घरी हळद लावत बसू नका. ताबडतोब मोठे हॉस्पिटल गाठा आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गिअरबॉक्सची डिपस्टिक काढल्यावर तेल दुधट, ताकासारखे दिसले तर गोष्ट वेगळी. कूलर रेडिएटरच्या टाकीत असलेल्या मशीनमध्ये तो आतून फुटला की पाणी आणि तेल एकत्र होते. तेव्हा पाइप बदलून भागत नाही. मशीन चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

जुगाड कुठवर

आपल्या भागात गळक्या पाइपावर काय काय उपाय चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी, त्यावर तार. एम-सीलचा गोळा. ठणठणीत कोरड्या, स्वच्छ धातूवर एम-सील धरेलही. पण तेलाने घामेजलेल्या, पापुद्रे सुटलेल्या, सतत थरथरणाऱ्या पाइपावर त्याने काय म्हणून धरावे? मोटारपंपाचा किंवा रेडिएटरचा पाण्याचा होज कापून घालतात. तो पाण्यासाठी असतो; गरम तेलात त्याचे रबर फुगते, मऊ पडते आणि एक दिवस सटकते. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून तीही घालतात. मशीनच्या हादऱ्याने तांबे कडक होत जाते आणि सांध्याजवळ तडकते.

वेल्डिंगबद्दल जरा जास्तच सांगतो. मशीनवर पाइप तसाच ठेवून वेल्डिंग करणे हा निव्वळ वेडेपणा. आत तेलाची वाफ असते, बाजूला डिझेलचा पाइप असतो. पाइप काढून, धुऊन, पितळी वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आहेत हे मान्य. तरीही आम्ही ते करू नका असेच म्हणू. एक तर भोकाभोवतीचा पाइपही आतून तितकाच कुजलेला असतो. आज इथे टाका घातला तर आठ दिवसांनी वीतभर अंतरावर फुटणार. दुसरे म्हणजे आत जमलेली जळकी खपली तेलाबरोबर गिअरबॉक्समध्ये जाते, आणि तिथल्या व्हॉल्वच्या वाटा फार बारीक असतात.

मशीन भरतीच्या पाण्यात सापडण्याची वेळ आली, तर तेवढ्यापुरते काय करावे? कुजलेला तुकडा दोन्ही बाजूंना चांगला पाइप लागेपर्यंत कापा, टोकांच्या धारा घासा, तेलासाठीचा होज दोन्हीकडे चांगला खोल चढवा आणि प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिप आवळा. तेल भरा आणि हळूहळू रस्त्यापर्यंत या. तिथे थांबा. गुळगुळीत टोकावरून होज कधीही निसटू शकतो, म्हणून त्यावर काम करायचे नाही. मशीन दुसऱ्या गाडीने ओढून काढायचे असेल तर फार लांब ओढू नका. इंजिन बंद असताना वंगणाचा पंपही बंद असतो आणि चाकांबरोबर गिअरबॉक्स कोरडा फिरतो. लांब न्यायचे तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्यावा.

पाइप बदलायचा तर पुरा बदलावा

जुने नट सोडवताना निम्मी नुकसानी होते. आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, रात्रभर मुरू द्या. सकाळी दोन पाने घ्या. एका पान्याने कूलरच्या बाजूचा षटकोनी भाग धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने पाइपाचा नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नट सुटत नाही, कूलरचे तोंडच पिळवटते, आणि मग पाइपाच्या कितीतरी पट खर्च कूलरला येतो. नटाचे कोपरे गेले असतील तर पाइप कापून टाका आणि नटावर रिंग पाना घाला. पाइप नाही तरी फेकायचाच आहे.

नवा पाइप तीन प्रकारे मिळतो. मशीनचा नंबर सांगून कंपनीचा मागवावा, हा सरळ मार्ग. दुसरा, जुना पाइप नमुन्याला नेऊन हायड्रॉलिकचे काम करणाऱ्याकडून सीमलेस स्टीलचा वाकवून घ्यावा. जुना तुटका असेल तर जाड तार वाकवून वळणांचा नमुना करावा. व्यासाचे माप व्हर्नियरने घ्यावे, गंजाच्या फुगवट्यावर घेऊ नये. तिसरा, संपूर्ण लांबीचा वायरजाळीचा होज दोन्ही टोकांना फिटिंग क्रिंप करून घ्यावा. खाऱ्या भागात काम करणाऱ्याला हा तिसरा पर्याय आम्हाला बरा वाटतो. तो गंजून असा एकाएकी फुटत नाही आणि क्रिंपिंगची दुकाने आता तालुक्याच्या गावीही असतात. मात्र होज तेलाचा आणि १०० अंशांना टिकणारा आहे हे दुकानदाराकडून ऐकून भागत नाही, त्यावरचा छाप वाचा. आतले भोक जुन्या पाइपापेक्षा लहान नको, नाहीतर तेल अडते आणि गिअरबॉक्स तापतो. होज सायलेन्सर आणि पंख्यापासून दूर न्या, तीव्र वळण देऊ नका, ठिकठिकाणी बांधा. फिटिंगची टोके लोखंडीच असतात, त्यांना रंग आणि ग्रीस हवेच.

दुसरा पाइप अजून गळत नाही म्हणून तो ठेवू नका. दोघे एकाच दिवशी बसवलेले, एकाच चिखलात लोळलेले.

बसवण्याआधी नवा पाइपही आतून डिझेलने धुऊन हवेने फुंकून घ्यावा. कापताना पडलेला लोखंडाचा चुरा त्यात असतो. उघड्या तोंडांवर स्वच्छ पॉलिथीन बांधा, कॉटन वेस्टचे बोळे कोंबू नका, त्याचे धागे आत जातात. ओरिंग नव्या घाला. टेफ्लॉन टेप इथे नको. ओरिंगच्या किंवा फ्लेअरच्या सांध्याला तिची गरज नसते आणि तिचे तुकडे व्हॉल्वमध्ये अडकतात. नट आधी हाताने चार आटे बसवून मगच पाना लावा.

मशीन गळक्या पाइपावर बरेच दिवस चालले असेल तर गिअरबॉक्सचा फिल्टर बदला आणि जाळी धुवा. जाळीत चकचकीत कण किंवा काळा भुगा दिसला तर प्लेटा गेल्या आहेत असे समजा. तेल मॅन्युअलमध्ये लिहिले असेल तेच, इंजिनाचे उरलेले नव्हे. भरल्यावर इंजिन हळू चालू ठेवून पाच मिनिटांनी पातळी पाहा. काही मशीनमध्ये ती इंजिन चालू असताना पाहायची असते, काहींत बंद करून. तेही मॅन्युअलमध्ये असते. तासभर काम झाल्यावर गरम अवस्थेत सांधे पुन्हा पुसून बघा. आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा लाल दिवा चालू आहे की नाही तेही बघून घ्या. पुष्कळ जुन्या मशीनमध्ये दिवा त्रास देतो म्हणून त्याचा बल्बच काढलेला सापडतो!

काढलेले तेल डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्या. वहाळात ओतलेले तेल पहिल्या पावसात तुमच्याच विहिरीकडे येते.

तासावर मशीन लावणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायत मशीन लावते तेव्हा दर विचारला जातो, डिझेल कुणाचे ते विचारले जाते, पण मशीनच्या पोटाखाली कोणी वाकत नाही. मशीन आल्यावर ते कोरड्या जागी उभे करून घ्या, रात्रभर खाली पुठ्ठे ठेवा आणि सकाळी बघा. चार थेंब असतील तर मालकाला विचारा. पुठ्ठा भिजला असेल तर खारबांधावर ते मशीन नेऊ नका, दर कितीही कमी असो. काम भांगाच्या चार दिवसांत बसवायचे असते. पाइपाची वाट बघायला उधाण थांबत नाही.

धुण्याचे मात्र मालकावर ढकलू नका. रोज संध्याकाळी अर्धा तास धुण्यासाठी धरून त्याचे पैसे कामाच्या तासांत द्यावेत. गोड्या पाण्याचा टँकर बांधाच्या रस्त्यापर्यंत येतो का ते काम सुरू व्हायच्या आधी बघून ठेवावे. त्या गावाने यंदा तेवढे केले आहे. मशीन दुसऱ्या मालकाचे आहे, पण ते गावात आले तेव्हा जुन्या खांडीशेजारी राहणारे एक आजोबा पुठ्ठा घेऊन आधीच उभे होते.